लेक कारखान्यात शिकायला जाते तेव्हा



चार वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. शेळीसाठी नाही, बियाण्यासाठी नाही. दहावी झालेल्या लेकीला तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला प्रवेश मिळाला होता. एसटीचा पास, अवजारं आणि जाड तळाचे बूट घ्यायचे होते.

"फिटर म्हणजे नळ जोडणारा ना? पोरीनं कशाला?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. खरं सांगायचं तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही तिघी आयटीआयमध्ये जाऊन सरांना भेटलो.

सरांनी समजावलं. फिटर ड्रॉइंग वाचतो, लोखंड कापतो, कानशीनं घासतो, व्हर्निअरनं बारीक माप घेतो आणि यंत्राचे भाग जुळवतो. शिक्षण दोन वर्षांचं. काही ट्रेडमध्ये आयटीआय आणि कारखाना यांच्यात करार असतो. थिअरी आयटीआयमध्ये आणि हातकाम कारखान्यात. याला ड्युअल सिस्टीम म्हणतात. ही पद्धत जर्मनीत जुनी आहे. आपल्याकडे आयटीआयसाठी ती २०१६ पासून राबवली जाते.

यात दोघांचीही गरज भागते. कारखान्यात असतात तेवढी नवी यंत्रं आयटीआयकडे नसतात, आणि कारखान्याला तयार हात हवे असतात. बायांनो, भाकरी कशी थापायची हे नुसतं ऐकून येतं का? तव्यापाशी बसावंच लागतं.

कर्ज मंजूर झालं. मुलगी पास झाली. पुढे एका कारखान्यात वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळाली. ही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असते. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं काम करतात, तिला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतनही द्यावं लागतं. २०१९ च्या नियमांनी आयटीआय पास उमेदवाराला महिना किमान ७,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये ठरवले. ही रक्कम बदलू शकते, म्हणून करार करताना चालू आकडा विचारून घ्यावा.

आम्हाला वाटलं, झालं, पोरगी मार्गी लागली. पण तीन महिन्यांनी ताई बैठकीत गप्प गप्प बसल्या होत्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मुलीला यंत्राजवळ जाऊच देत नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोकी बांधायची. ताई लेकीला म्हणायच्या, "गप राहा, पैसे तर मिळतात ना!" मुलगी म्हणायची, "आई, वर्षाच्या शेवटी परीक्षा खोकी बांधायची नाही, फिटरची आहे."

मुलीचंच बरोबर होतं. शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला मजूर नव्हे. ती तिथं शिकायला गेलेली असते. करारावर ट्रेड फिटर लिहिलेला होता, पण मुलीनं सही करून कागद तिथंच ठेवला होता. प्रत घेतलीच नव्हती!

आम्ही चौघी ताईंबरोबर पुन्हा आयटीआयमध्ये गेलो. भांडायला नाही, विचारायला. सरांनी कराराची प्रत मिळवून दिली आणि स्वतः कारखान्यात जाऊन बोलले. पंधरा दिवसांत मुलगी यंत्रावर गेली. गेलेले तीन महिने मात्र परत आले नाहीत. ती जेवणाच्या सुट्टीत जुन्या कामगारांकडून शिकून घ्यायची. परीक्षा पास झाली, प्रमाणपत्र मिळालं.

त्या कारखान्यानं तिला पुढे ठेवून घेतलं नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. ताई फार रडल्या. मुलगी दोन महिने घरी होती. मग तेच प्रमाणपत्र दाखवून तिला दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. गटाचं कर्ज तिनं स्वतःच्या पगारातून फेडलं.

मैत्रिणींनो, म्हणून आपण लेकीला किंवा लेकाला पाठवताना एवढं नक्की विचारूया. करारावर कोणता ट्रेड लिहिलाय? किती महिने? विद्यावेतन किती, आणि ते बँक खात्यात येणार का? शिकवणारं कोण? परीक्षा कधी? मुलींसाठी स्वच्छतागृह आणि येण्याजाण्याची सोय काय? कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, हेही लक्षात ठेवूया. कराराची प्रत घरच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवूया. अडचण आली, तर आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना गाठूया. आणि एकटीनं नको, चौघींनी मिळून जाऊया.

येत्या बैठकीत आपल्या गटात दहावी-बारावी झालेली मुलं-मुली किती आहेत, ते वहीत लिहून काढा. कर्जाच्या नोंदीइतकीच ती नोंदही महत्त्वाची आहे.