नळाचे वय

मुंबई पाहावयास आलेला परगावचा मनुष्य बहुधा एकदा तरी मलबार टेकडीवर जातोच. मुलांना म्हातारीचा बूट दाखवावा, समोरच्या बागेत झुडपे कातरून केलेले प्राणी पाहावेत आणि खाली कमानीसारखा वळलेला समुद्रकिनारा पाहून परतावे, असा तेथला ठरलेला क्रम असतो. ज्या हिरवळीवर क्षणभर बसून तो विसावतो, तिच्याखाली १४ ते १५ कोटी लिटर पाणी सामावून घेणारी एक टाकी आहे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. १८८० च्या दशकात बांधलेल्या या टाकीतून कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड या भागांतील घरांना पाणी जाते. ते सकाळी नळाला आले म्हणजे टाकीची आठवण करण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

ती आठवण २०२२ च्या सुमारास एकाएकी झाली. टाकी फार जुनी झाली आहे, ती पाडून नवी बांधावी, असा महानगरपालिकेचा बेत होता. खर्च सुमारे ७०० कोटी रुपये. बागेतील ३८९ झाडे या कामात बाधित होणार होती. आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. तेव्हा तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये टाकीचा कप्पा रिकामा करून तज्ज्ञ आत उतरले. त्यासाठी दक्षिण मुंबईच्या काही भागांत पाणी कमी करावे लागले. समितीत सर्वांचे एकमत झाले नाही. पुन्हा दुसऱ्या संस्थेचे मत घेण्यात आले, आणि अखेर २०२४ मध्ये टाकी पाडण्याचा विचार मागे पडून तिच्या दुरुस्तीकडे कल झुकला.

या वादात कोण जिंकले हा प्रश्न गौण आहे. विचार करावयाचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका शहराची तहान भागविणाऱ्या वास्तूची प्रकृती कशी आहे, याविषयी वाद मिटविण्यास पुरेशी ठरेल अशी सलग नोंद लोकांपुढे नव्हती. पूर्वी तपासण्या झाल्या होत्या, परंतु त्यांवर सर्वांचा विश्वास बसला नाही. वृद्ध मनुष्याच्या घरी वैद्याने वरचेवर येऊन नाडी पाहिलेली असली, तर ऐन दुखण्यात त्याच्या उशाशी बसून घरच्यांना भांडावे लागत नाही.

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास हा बव्हंशी नव्या तलावांचा इतिहास आहे. विहार १८६० साली झाला, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवर धरण उभे राहिले आणि ज्यांच्या देखरेखीखाली ते झाले त्या अभियंता मोडकांचे नाव त्या जलाशयास मिळाले. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी शहर वाढले, पाणी अपुरे पडले आणि आणखी दूरच्या खोऱ्याकडे दृष्टी गेली. धरणाचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. दादरच्या एखाद्या गल्लीत पन्नास वर्षांचा व्हॉल्व्ह बदलला तर त्याची कोनशिला कोण बसविणार? दुरुस्ती मागे पडते याचे हेही एक कारण आहे, आणि ते वाटते तितके क्षुल्लक नाही.

नळ म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वीचे नळ बिडाचे असत. दोन नळांच्या सांध्यात ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतीत. बीड फार टिकाऊ. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारंज्यांसाठी १७ व्या शतकात घातलेल्या बिडाच्या नळांनी तीन शतकांहून अधिक काळ काम दिले. तरी जमिनीतील ओलावा व क्षार बिडातील लोखंड हळूहळू खाऊन टाकतात. मागे राहते ते काजळीसारखे काळे द्रव्य. नळाचा आकार तसाच दिसतो, परंतु अंगात बळ उरलेले नसते. वरून एखादे जड वाहन जाताच तो तडकतो. भरणी घालून समुद्राकडून मिळविलेल्या खाऱ्या जमिनीत हे अधिक लवकर घडते. आतल्या बाजूस गंजाच्या गाठी चढत जातात, आणि सहा इंची नळातून चार इंची नळाइतकेच पाणी वाहू लागते. तेव्हा लोक म्हणतात, पाण्याला जोर नाही. जोर गेला तो नळाच्या पोटात.

म्हणून नळाचे वय केवळ वर्षांनी मोजता येत नाही. अमेरिकेतील पाणीपुरवठा व्यावसायिकांच्या संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात याविषयी एक मोठी विलक्षण गोष्ट आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेले बिडाचे नळ सरासरी १२० वर्षे टिकतात, १९२० च्या दशकातील १०० वर्षे, तर दुसऱ्या महायुद्धानंतरचे ७५ वर्षे. जसजसे तंत्र सुधारले तसतसे नळ पातळ होत गेले. आजोबा, वडील व नातू असे तिघेही जवळपास एकाच काळात अंथरुणास खिळावेत, असा हा प्रकार! १८९५ मध्ये १२० मिळविले, १९२५ मध्ये १०० मिळविले, १९५० मध्ये ७५ मिळविले, तर तिन्ही उत्तरे दहा वर्षांच्या आत पडतात. जी नगरपालिका केवळ सर्वांत जुना नळ शोधून आधी तोच बदलील, ती पुष्कळदा धडधाकट आजोबांना घराबाहेर काढून दुबळ्या नातवाला घरी ठेवील.

भारतातील शहरांत यात आणखी एका दुखण्याची भर पडते. येथे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येते. नळ भरलेला असेतो आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. पाणी बंद झाले, नळ रिकामा होऊ लागला, की तोच नळ तडा गेलेल्या सांध्यातून भोवतालचे पाणी ओढून घेतो. आणि भोवताली बहुधा गटार असते. रोज भरणे व रोज रिते होणे या ताणाने सांधेही लवकर ढिले होतात. पाणी वाचविण्याकरिता तास कमी करावेत तर नळ अधिक लवकर फुटतात, आणि फुटक्या नळांतून पाणी वाया जाते म्हणून पुन्हा तास कमी करावे लागतात. हे चक्र तोडता येते. ओडिशातील पुरी शहराने जुनी व्यवस्था सुधारून, घरोघर मीटर बसवून, २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिता येईल अशा रीतीने चोवीस तास देण्यास आरंभ केला. पुरीत यात्रेकरूंची सतत दाटी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते.

मग नळ बदलावयाचे कोणत्या गतीने? हिशेब सोपा आहे व थोडा भयप्रद आहे. वर्षाला शंभरातला एक भाग बदलला तर संपूर्ण जाळे नवे होण्यास १०० वर्षे लागतात. अर्धा भाग बदलला तर २००. दरवर्षी थोडे, परंतु न चुकता, हाच मार्ग परवडणारा आहे. यासाठी पाणीपट्टीतून ठराविक रक्कम बाजूला ठेवावी लागते. पूर्वी नगरपालिकांचे हिशेब केवळ आलेल्या व गेलेल्या रोकडीचे असत. जमिनीखालचा नळ दरवर्षी थोडा झिजतो, हे त्या वहीत कोठेच उमटत नसे. २००४ साली नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखा संहिता तयार झाली, तिने द्विनोंदी पद्धती व मालमत्तेचा घसारा लिहिण्याचा मार्ग दाखविला. परंतु वहीत घसारा लिहिणे आणि तितका पैसा खरोखर राखून ठेवणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. पाणीपट्टी वाढविण्याचे धाडस निवडणुकीच्या तोंडावर कोणी करीत नाही, आणि निवडणूक तर कोणती ना कोणती जवळ असतेच.

दूरदृष्टी म्हणजे काय, हे कलकत्त्याच्या टाला टाकीकडे पाहून समजते. १९०९ साली तिचे काम सुरू झाले आणि १९११ मध्ये ती वापरात आली. जमिनीपासून ११० फूट उंचीवर ९० लाख गॅलन पाणी धरणारी ही पोलादी टाकी बांधणाऱ्यांनी तिचे चार भाग केले. हेतू इतकाच, की एक भाग रिकामा करून साफ करावा, दुरुस्त करावा, आणि उरलेल्या तीन भागांतून शहराला पाणी चालू राहावे. शंभर वर्षांनंतर जेव्हा पोलाद गंजले व मोठी दुरुस्ती करण्याची पाळी आली, तेव्हा ती याच क्रमाने करता आली. टाकी बांधताना ती एक दिवस म्हातारी होणार, हे त्या माणसांनी गृहीत धरले होते.

याच्या उलट एक गोष्ट ठाणे शहरात घडली. भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा आणणारा १५ किलोमीटर लांबीचा बोगदा तेथे खोल खडकातून जातो. वरच्या जमिनीवर कोणी कूपनलिका खोदली आणि बोगद्याला भोक पडले. २०२३ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी मुंबईकरांच्या पाण्यात महिनाभर १५ टक्के कपात झाली. बोगदा मुळीच जुना नव्हता. खडक मजबूत, अस्तर मजबूत. खाली काय आहे एवढी माहिती तेवढी खोदणाऱ्याच्या हाती नव्हती.

तेव्हा आरंभ व्हावयास हवा तो नोंदवहीपासून. नळ कोणत्या साली घातला, कशाचा आहे, माती कोणती, आजवर किती वेळा फुटला, आणि उद्या फुटला तर कोणाचे पाणी तुटेल. निवांत गल्लीतील १०० वर्षांच्या नळापेक्षा इस्पितळाला पाणी देणारा ३० वर्षांचा नळ अधिक काळजीचा असू शकतो. रस्ता कोणत्याही निमित्ताने खणला की उघड्या पडलेल्या नळाची जाडी मोजून लिहून ठेवावी. याला खर्च जवळजवळ नाही. मुंबईत अलीकडे शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे होत आहेत. त्यांखाली जुना नळ तसाच राहिला, तर पुढल्या दुरुस्तीची किंमत आजच कित्येक पटींनी वाढवून ठेवल्यासारखे होईल.

यातील बरीचशी माहिती आज कागदावर नाही, माणसांच्या डोक्यात आहे. पहाटे लांब लोखंडी चावी घेऊन वस्तीवस्तीतून व्हॉल्व्ह उघडीत व बंद करीत जाणारा चावीवाला हा त्या माहितीचा खरा धनी. कोणता व्हॉल्व्ह किती फेरे घेतो, कोणता अर्ध्यावर अडतो, नकाशात दाखविलेला कोणता नळ प्रत्यक्षात कधीच जोडला गेला नाही, हे त्याला पाठ असते. तो एक दिवस निवृत्त होतो. त्याच्या अखेरच्या वर्षात एखाद्या तरुण अभियंत्याने वही-पेन्सिल घेऊन रोज पहाटे त्याच्यामागून हिंडावे, एवढी तरतूद कोणत्याही नगरपालिकेला करता येण्यासारखी आहे. एका विभागातील सर्व व्हॉल्व्ह अशा रीतीने पाहून होण्यास एक पावसाळा आणि एक उन्हाळा पुरेल. उन्हाळ्यात अडणारे व्हॉल्व्ह पावसाळ्यात पुन्हा पाहावे लागतात.