गिऱ्हाइकाला खरं ते सांगू या
(प्रभागसंघाच्या बैठकीतील मनोगत)

ताईंनो, सरस प्रदर्शनात गिऱ्हाईक विचारतंच, "कंपनीच्या मसाल्यापेक्षा तुमचा महाग का?" तेव्हा "त्यांच्यात भेसळ असते" असं उगाच म्हणायचं नाही. दुसऱ्याच्या मालाबद्दल खोटं सांगणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आधी भाव सारख्या वजनावर आणा. समजा, आपलं २०० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना, त्यांचं १०० ग्रॅमचं ६० ला. म्हणजे १०० ग्रॅममागे आपला दहा रुपयांनी महाग. ते मान्य करा. मग दोन्ही पाकिटांवरचे घटक आणि तारीख वाचून दाखवा. त्यांचा जास्त टिकत असेल, तर तेही सांगा.

एखादं पाकीट कमी खपेल, खपू दे. पण खोटं उघडं पडलं तर गटाचं नाव जातं, आणि आपला कर्जाचा हप्ता त्या नावावरच फिटतो.