ताडीची पारख



व्याख्यानमालेच्या फलकावर आजचा विषय वाचून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे आमच्या कानांवर आले आहे. संतवाङ्मय, अर्थकारण, अंतराळ हे विषय सोडून ताडीवर काय बोलायचे? आमचे उत्तर असे की पालघरहून बोईसरकडे निघालेल्या माणसाला गाडीच्या खिडकीतून जी झाडे हटकून दिसतात, त्यांत ताड आणि खजुरी ही आहेतच. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर वारली चित्रकाराने जी परंपरा जगापुढे नेली, तिच्या चित्रांतही ताडावर चढणारा माणूस असतोच. चित्र भिंतीवर लावायचे आणि त्या झाडाच्या रसाचे नाव मात्र कुजबुजत घ्यायचे, हे आम्हांला पटत नाही.

प्रथम एक खुलासा. आम्ही येथे पिण्याचा प्रचार करायला उभे नाही. व्यसनाने घरे बसली आहेत, आणि त्याची झळ घरातल्या बाईला सगळ्यांत आधी लागते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही बोलणार आहोत ते पारखीबद्दल. आंब्याची पारख आहे, तांदळाची आहे, पानाची तर केळवे-माहीमच्या माणसाने जगाला शिकवावी. मग ताडीचीच का नसावी?

आम्ही सात-आठ मंडळी आहोत. कोणी चिंचणीचा बागायतदार, कोणी शाळामास्तर, आणि निम्मे तारापूरच्या कारखान्यांच्या निमित्ताने सातारा-नगरकडून येऊन बोईसरला स्थायिक झालेले. आमच्यांतल्या एकाचा भाचा अमेरिकेत असतो. तो एकदा सुटीत आला तो बर्बन नावाच्या तिकडच्या व्हिस्कीच्या तीन निरनिराळ्या बाटल्या आणि एक विलक्षण पद्धत घेऊन. तीन पेल्यांत थोडीथोडी ओतायची, आधी हुंगायची, मग घोट घ्यायचा, आणि प्रत्येकाने काय वाटले ते बोलून दाखवायचे. कोणाला गुळाचा वास आला, कोणाला भाजलेल्या लाकडाचा. मास्तरांना कडू काढ्याची आठवण झाली, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

या बर्बनची थोडी माहिती सांगितली पाहिजे, कारण पुढे तिचा उपयोग आहे. ती बनते धान्यापासून, आणि त्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो. गाळलेला अर्क आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात ठेवतात. रंग येतो तो त्या लाकडातून. आज हे सारे कायद्याने बांधलेले आहे, पण पूर्वी तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले व्यापारी साध्या अर्कात फळांचा रस, तंबाखू, नाना तऱ्हेचे रंग घालून तो जुनी व्हिस्की म्हणून खपवीत. तेव्हा १८९७ साली तेथे एक कायदा झाला. ज्या बाटलीवर सरकारी मोहोर हवी, तिच्यातला माल एकाच भट्टीचा, एकाच हंगामाचा, निदान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या कोठारात मुरलेला आणि ठरल्या तीव्रतेचा असला पाहिजे. त्यात सरकारला करही मिळाला, नाही असे नाही. परंतु पिणाऱ्याला आपण काय पितो हे कळू लागले. आणि हे एकदा कळले, म्हणजे तुलना सुरू होते.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला. ताडी काढायची तर दर झाडामागे कर भरायचा. घरची भट्टी हा गुन्हा. ताडामाडावर ज्यांचे पोट, त्या भंडारी मंडळींची आणि जंगलपट्टीतल्या आदिवासींची त्यात काय ओढाताण झाली असेल, याची कल्पना करावी. १८९२ साली आणखी एक कायदा झाला. त्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घातले. म्हणजे झाडाखाली पडलेले फूलसुद्धा संशयित ठरले! आपला हा सारा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. त्या कायद्यांना गल्ल्याची काळजी होती. मडक्यात काय आहे, हे कोणी विचारले नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. त्यामागची तळमळ खरी होती, हे आम्ही मानतो. पण मडक्यातल्या मालाची चौकशी त्यानेही केली नाही, फक्त मडके लपवायला लावले. त्या कायद्याच्या नावात आजही दारूबंदी आहे, आणि तो अंमलात आणणाऱ्या खात्याच्या नावात उत्पादन शुल्क आहे. या दोन नावांचा संसार कसा चालतो, ते त्यांनाच ठाऊक.

असो. बर्बनच्या त्या बैठकीनंतर आमच्यातल्या बागायतदाराने विचारले, "हे लोक मक्यासाठी एवढे करतात, मग आपण आपल्या झाडांसाठी का करू नये?" तेव्हापासून आम्ही थंडीच्या दिवसांत पहाटे निघतो आणि परवान्याची, ओळखीची ताडी झाडाखालीच चाखतो. झाडाखालीच का, तर ताडीचे वय वर्षांत मोजत नाहीत, तासांत मोजतात. ताजा रस नुसता गोड असतो. मडक्याला आतून चुना लावला तर तो बराच वेळ तसाच राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर मडक्यातले आणि हवेतले किण्व लगेच कामाला लागते, दोन-तीन तासांत फेस येतो, आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा वाढून तिची वाट शिरक्याकडे लागते. बर्बनला जे करायला चार वर्षे लागतात, ते आमची ताडी सकाळच्या गाडीपासून दुपारच्या गाडीपर्यंत उरकते. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतून हेच किण्व पिठात घालून फुगे करतात. ते ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी अवश्य खावेत.

आणि ताडी ही एक वस्तू नव्हे. खजुरीचा रस खोडाच्या शेंड्याजवळचा कोवळा भाग तासून काढतात, तो थंडीतला; आमच्या जिभेला तो पातळ, गोड आणि किंचित गुळाच्या वासाचा लागतो. ताडाचा रस फुलोरा बांधून, रोज त्याची पातळ चकती कापून मिळवतात. तो दाट, जरा तुरट, आणि उन्हाळ्यापर्यंत पुरतो. माडाची माडी न उमललेल्या पोयीतून येते. ती दुधाळ, चढायला चपळ. त्यातही खाडीकाठचे झाड आणि डोंगराकडचे झाड यांत फरक असतो, असे आमच्यातले दोघे शपथेवर सांगतात. उरलेल्यांना तो अजून लागलेला नाही.

या चाखण्याला आम्ही चैन समजत नाही, त्याचे कारण ऐका. बाजारात ताडी म्हणून जे विकले जाते त्यात पाणी, साखर आणि क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे औषध घातल्याची प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार पकडली गेली आहेत. ज्याने खरी ताडी कधी चाखलीच नाही, तो ही पांढरी लबाडी कशी ओळखणार? खरी चव ज्याला ठाऊक आहे त्याला पहिल्या घोटाला शंका येते, आणि तो पेला खाली ठेवतो. अर्थात जिभेलाही मर्यादा आहेत. २०१५ साली मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ते मिथेनॉल जिभेला कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. म्हणूनच आमचे मागणे जिभेपुरते नाही. मडक्यावर झाडाचे नाव, गावाचे नाव आणि काढल्याची वेळ असावी, आणि त्यातला नमुना अधूनमधून तपासला जावा. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पेयाला लोक गावठी म्हणून नाके मुरडत, त्याच्या बाटलीवर आता अभिमानाने गावाकडचे नाव छापतात. डहाणूला ताडगुळाचे आणि नीरेचे शिक्षण देणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्था उभी राहिली, म्हणजे या झाडाकडे शास्त्राने पाहण्याची बुद्धी आपल्या भागाला पूर्वीच सुचलेली आहे.

अडचण निराळीच आहे. ताड फुलोऱ्यावर यायला बारा-पंधरा वर्षे, कधी जास्तही लागतात. आज आम्ही ज्यांचा रस चाखतो ती झाडे कोणाच्या तरी आजोबांच्या वेळची आहेत. नवी कोणी लावताना दिसत नाही. आमच्या ओळखीचे ताडी काढणारे गृहस्थ साठीला टेकले आहेत. साठ-सत्तर फुटांच्या झाडावर ते दिवसातून दोनदा चढतात. त्यांचा मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो, आणि त्यात त्याचे काय चुकले? कारखान्यात पडले तर निदान विमा असतो. वडिलांना आम्ही विचारले की मुलगा चढायला शिकला का. ते म्हणाले, "शिकलाय, पण सुटीच्या दिवशीच चढतो."

तर या सुटीच्या दिवसांवरच सध्या आमची बैठक चालते. मागच्या वेळी मते घेतली तेव्हा खजुरीला चार पडली आणि ताडाला तीन. माडीच्या बाजूने एकटे मास्तर होते, आणि ते मूळचे अर्नाळ्याचे आहेत.