पुरुषांचा हृदयविकार व आपले कर्तव्य



तीस वर्षे आम्ही तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहिले आणि मधल्या सुटीत खर्रा खाल्ला, ही कबुली प्रथम देतो. एका सहकारी गुरुजींच्या छातीत दुखू लागले, तेव्हा 'गॅस असेल' म्हणून आम्हीच त्यांना सोडा दिला. दोन तासांत ते गेले. ते शल्य घेऊन आज उभे आहोत.

विडी न ओढणारा पुरुष स्वतःस निर्व्यसनी समजतो. परंतु खर्र्यात सुपारीबरोबर तंबाखूही असतो. त्यातील निकोटीन नाडीची गती व रक्तदाब वाढविते. तेंदूपाने, मोहफुले वेचीत कोसन्‌कोस चालणारे आपले पाय आता मोटारसायकलवर विसावले आहेत.

ज्ञान असले म्हणजे रोग टळतो, असेही नाही. गडचिरोलीत 1986 पासून 'सर्च' या संस्थेद्वारे आरोग्यसेवा करणारे डॉ. अभय बंग यांना 1995 साली, पन्नाशीच्या आत, हृदयविकाराने गाठले. त्यांनी आहार व दिनक्रम बदलला आणि तो अनुभव 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मांडला.

आपणही खर्रा सोडावा, मीठ कमी करावे, रोज अर्धा तास चालावे, तिशीनंतर आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. छातीतील कळ हातात वा जबड्यात गेली, घाम सुटला, तर तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जंगलभागात दवाखाना दूर. तेथे तर क्षणही दवडू नये.

आज पंगत उठल्यावर कोणी खर्र्याची पुडी पुढे करील, ती नम्रपणे परत करावी, एवढीच विनंती.