हात वर करण्यापूर्वी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. मोठे व्याख्यान मला जमणार नाही. आपण मंडळात निर्णय कसा घेतो, याची एक घडलेली गोष्ट सांगते. तिच्यात चूक माझीच आहे.

मागे साठलेल्या वर्गणीचे काय करावे, असा प्रश्न निघाला. लग्नकार्यात भाड्याने देण्यासाठी मोठी भांडी घ्यावीत, असे मी सुचविले आणि "कबूल असेल तिने हात वर करावा," म्हटले. सगळे हात वर झाले. मी आनंदाने वहीत 'एकमताने मंजूर' असे लिहिले.

भांडी आली. महिन्याभरातच, तारापूरहून बोईसरच्या बाजारात म्हावरं विकायला जाणाऱ्या आपल्या एका बहिणीचा मुलगा तापाने अंथरुणाला खिळला. तिला उसने द्यायला मंडळाकडे दमडी नव्हती. तिने कानातले मोडले. मी विचारले, "बाय, सभेत का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "काकी, अडीनडीला पैसा ठेवावा असेच माझ्या मनात होते. पण सासू शेजारी बसलेली, समोर तुम्ही. सगळ्यांचे हात वर, माझाच खाली कसा ठेवू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी हात मोजले होते, मने मोजली नव्हती.

तेव्हापासून पैशाचा प्रश्न असला की आपण पडद्याआड मडके ठेवतो. होकाराला तांदळाचा दाणा, नकाराला तुरीचा. आणि त्याआधी धाकट्यांनी प्रथम बोलायचे, आम्ही थोरल्यांनी शेवटी.

ही युक्ती काही जगावेगळी नाही. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात २००८ च्या शासकीय आदेशाने गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. निरक्षर बाईलाही कळते. मात्र स्त्रियांचे मतदान असेल, तर यादीतल्या एकूण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी बसली, ती दुकानाच्याच उपयोगी पडली.

भगिनींनो, सभा लांबते, घरी भाकऱ्या खोळंबतात, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या महिन्यात अडीनडीच्या निधीचा प्रश्न मडक्यापुढे यायचा आहे. त्या दिवशी सर्वांनी यावे, आणि दाणा आपल्या मनाचा टाकावा.