हिरवळीआधीची माती

सरकारी नोकराच्या वाट्याला जमीन येते ती निवासस्थानापुढची, आणि तीही बदलीचा हुकूम येईपर्यंतची. दिल्लीस मला मिळालेल्या घरापुढे वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद असा एक तुकडा होता. आईचे वय तेव्हा ७४. तिचे आयुष्य साताऱ्याकडच्या अंगणात अनवाणी गेलेले. येथे तिला चपला घालून फरशीवर फिरावे लागे. तिच्यासाठी हिरवळ करावी, असे मनाने घेतले.

पहिल्या वर्षी मी बहुतेक जण करतात तेच केले. एका कंत्राटदाराकडून दोन गाड्या 'चांगली माती' घेतली, तीन इंच जाडीने पसरली आणि तीवर गवताचे तयार गालिचे अंथरले. पावसाळाभर दृष्ट लागावी असे ते दिसले. एप्रिलमध्ये गवत करपले. लव्हाळा तेवढा तरारून उभा राहिला. गालिच्याची कड उचलून पाहतो, तो मुळे तीन इंचांवर येऊन आडवी वळलेली. खाली विटांचे तुकडे, चुना, सिमेंटचे पापुद्रे. घर बांधणाऱ्यांनी पुरून ठेवलेला राडारोडा.

आईने विचारले, "अरे, ही माती कुणाच्या शेतातली आणलीस?" मला उत्तर देता आले नाही. शेताचा वरचा वीतभर थर तयार होण्यास शतके लागतात. तो खरवडून शहरात विकला, की मागे उरते ते निःसत्त्व. माझ्या हौसेपायी कुणाचे तरी शेत उघडे पडले होते, आणि लव्हाळ्याच्या गाठीही त्याच मातीतून आल्या असाव्यात. तेव्हा दुसऱ्या खेपेस माती विकत न घेता घरीच करावयाची, असे ठरविले.

नोव्हेंबरात कुदळीने फूटभर खणून सारे चाळून काढले. एका शेजाऱ्यांनी जिप्सम घालण्याचा सल्ला दिला. जिप्सम हे औषध खरे, पण सोडियममुळे चोपण झालेल्या जमिनीचे. माती तपासून घेतली तेव्हा सामू ८.२ निघाला, व दोष चुन्याचा ठरला. चुनखडीवर जिप्सम टाकणे म्हणजे कॅल्शियमच्या घरी कॅल्शियमचाच आहेर! तेथे खडे वेचावे आणि सेंद्रिय खत वाढवावे, हेच खरे.

खतासाठी मी 'इंदूर पद्धत' अवलंबिली. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी ती इंदुरास सिद्ध करून १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले दुसरे नाव मराठी माणसांनीही विसरावे, याचे मला वाईट वाटते. पालापाचोळा, शेण, थोडी राख व माती यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, आणि तीन महिन्यांत दोन-तीनदा ढीग वरखाली करावयाचा. मार्चच्या सुमारास दिल्लीचे रस्ते कडुनिंबाच्या पानांनी भरून जातात. ती जाळण्याची खोड अजून गेलेली नाही. मी पोती भरभरून ती घरी आणली. कार्यालयात थट्टा झाली, ती सोसली. पहिल्या आठवड्यात ढिगात हात घातला तर चटका बसे.

मेच्या आरंभी पाणी देऊन धैंचा पेरला. त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात. दीड महिन्यात तो कमरेएवढा झाला. फुलावर येण्यापूर्वीच कापला, खतासह मातीत गाडला आणि महिनाभर कुजू दिला. ह्या महिन्यात घाई करणारा फसतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, वाफसा येताच, हरळीच्या दोन-तीन पेऱ्यांच्या कांड्या चार-चार बोटांवर खोचल्या. हरळी म्हणजे आपली गणपतीची दूर्वाच. शेतकरी तिला वैरी समजतो, कारण ती मरत नाही. मला तोच गुण हवा होता. ऑक्टोबरात माती दिसेनाशी झाली. एका कोपऱ्यात सावली होती, तेथे मात्र ती शेवटपर्यंत धरली नाही.

जानेवारीत सारी हिरवळ तपकिरी पडली, तेव्हा माझा धीर सुटला. आईने वाकून एक कांडी नखाने खरवडली. आत हिरवे होते. कडक थंडीत हरळी निजते, इतकेच. होळीच्या सुमारास ती पुन्हा फुटली.

जूनमध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला. निघण्याच्या सकाळी आई हिरवळीवरून अनवाणी दोन फेऱ्या मारून आली, आणि उरलेले अर्धे पोते खत शेजारच्या वहिनींकडे पोहोचविण्यास तिने मला सांगितले.