गोठणगांवचे तिबेटी आणि परकीयांचा नवा कायदा

इटियाडोह धरणाजवळ, गोठणगांवच्या परिसरांत, १९७२ सालीं तिबेटी निर्वासितांची एक वसाहत वसविण्यांत आली. तिचें नांव नोर्ग्येलिंग. तेव्हां तो मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १९९९ मध्यें गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यांत ती वसाहत ‘भंडारा’च राहिली.

१ सप्टेंबर २०२५ रोजीं परकीयांविषयींचा नवा कायदा भारतांत अमलांत आला. १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार कायदे त्यानें रद्द केले. पारपत्र किंवा व्हिसा यांवांचून देशांत शिरणाऱ्या परकीयास पांच वर्षांपर्यंत कैद, पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. मग ज्यांना पारपत्र देईल असें स्वतःचें राज्यच उरलें नाहीं, त्यांनीं काय करावें? विहित रीतीनें नोंदणी केलेल्या तिबेटी लोकांना या अटींतून सूट दिलेली आहे. परंतु सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. नोंदणीचा दाखला मुदतीनें नवा करून घ्यावा लागतो. परदेशीं जावयाचें तर पारपत्राऐवजीं ओळखपत्राची पिवळी पुस्तिका.

सर्वांत विलक्षण गोष्ट जन्मतारखेची. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीं भारतांत जन्मलेला मनुष्य जन्मानेंच नागरिक ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयानें २०१० मध्यें हें तिबेटी लोकांच्या बाबतींतहि मान्य केलें. तेव्हां एकाच घरांत १९८६ सालीं जन्मलेला थोरला भाऊ नागरिक; आणि १९८८ सालची धाकटी बहीण, त्याच धानाच्या बांधावर वाढलेली, आईबाप दोघेहि तिबेटांतून आलेले असल्यास, परकीय.